ओल, लाकूड आणि वाळवी

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात वाळवीचा उपद्रव इतका सार्वत्रिक का आहे, याचे उत्तर येथील जमीन, हवा आणि घरबांधणीची पद्धत या तिन्हींचा एकत्र विचार केल्यावरच मिळते. वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस, जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींत मुरलेली ओल, एका अंगाला येऊरचे जंगल, दुसऱ्या अंगाला उल्हास नदी व खाडी, आणि या दोहोंमधल्या भातखाचरांवर, आमरायांवर व दलदलीच्या भरावावर गेल्या काही दशकांत दाटीने उभ्या राहिलेल्या इमारती, अशी ही परिस्थिती आहे. ज्या जमिनीवर आज सात किंवा वीस मजली इमारत उभी आहे त्या जमिनीत वाळवी इमारतीच्या कितीतरी आधीपासून नांदत होती. झाडांची मुळे, सुकलेल्या फांद्या, भाताचे धसकट हे तिचे अन्न होते. झाडे तोडली गेली, पण जमिनीतील बुंधे व मुळे पुष्कळदा तशीच राहिली, त्यांवर भराव पडला, आणि ते अन्न संपल्यावर वाळवीला जवळचे दुसरे लाकूड मिळाले ते तळमजल्यावरील दाराच्या चौकटीचे.

येऊरच्या जंगलात हाच कीटक अत्यंत उपयुक्त आहे. पडलेले झाड, गळलेली पाने आणि वाळलेले गवत मातीत परत मिसळण्याचे काम उष्ण कटिबंधातील जंगलांत मोठ्या प्रमाणावर वाळवीच करते, तिच्या बिळांमुळे पावसाचे पाणी जमिनीत मुरते, आणि कोकणात व गोव्यात पावसाळ्यात वारुळांजवळून खुडून आणली जाणारी चविष्ट अळंबी तर वाळवीने जमिनीखाली स्वतः जोपासलेल्या बुरशीचीच फळे असतात. म्हणून वाळवीचा समूळ नाश हे उद्दिष्ट शक्यही नाही आणि इष्टही नाही. तिला घराच्या लाकडापर्यंत पोहोचू न देणे एवढेच उद्दिष्ट योग्य आहे, आणि त्यासाठी तिच्या गरजा नीट समजून घ्याव्या लागतात.

कीटकाची घडण आणि गरजा

वाळवी दिसायला मुंगीसारखी भासली तरी मुंगीशी तिचे नाते फार दूरचे आहे. तिचे जवळचे नातलग म्हणजे झुरळे, आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानंतर वाळवीचा स्वतंत्र गण मानण्याची जुनी पद्धत मागे पडून तिची गणना झुरळांच्याच गणात होऊ लागली आहे. जगात वाळवीच्या सुमारे तीन हजार जाती ज्ञात आहेत आणि त्यांपैकी इमारतींना खरोखर त्रास देणाऱ्या जाती थोड्याच आहेत. वाळवी वसाहत करून राहते. वसाहतीत प्रजोत्पादन करणारी राणी व राजा, आंधळे व पांढुरके कामकरी, मोठ्या जबड्यांचे सैनिक आणि ठरावीक ऋतूत तयार होणारे पंखधारी कीटक असे वर्ग असतात. लाकूड कुरतडण्याचे काम एकट्या कामकऱ्यांचे; तेच अन्न आणतात, ते अर्धवट पचवून तोंडातून राणीला, सैनिकांना आणि पिलांना भरवतात, आणि ही भरवण्याची सवय पुढे औषधयोजनेच्या संदर्भात फार महत्त्वाची ठरते. बुरशी जोपासणाऱ्या जातींची पूर्ण वाढलेली राणी काही सेंटिमीटर लांबीची असते आणि दिवसाला हजारो अंडी घालू शकते. दारावर दिसलेले शंभर-दोनशे किडे मारून काही साधत नाही ते याचमुळे.

लाकूड, कागद, पुठ्ठा आणि सुती कापड या सर्वांत सेल्युलोज हा वनस्पतींच्या पेशीभित्तीचा मुख्य घटक असतो आणि तेच वाळवीचे अन्न आहे. सेल्युलोज पचवणे बहुतेक प्राण्यांना जमत नाही. वाळवीला ते जमते ते तिच्या आतड्यातील सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने किंवा, बुरशी जोपासणाऱ्या जातींत, त्या बुरशीच्या साहाय्याने. अन्नाइतकीच तिची दुसरी गरज पाण्याची आहे. वाळवीचे अंग मऊ असून बाह्य आवरण पातळ असते, त्यामुळे कोरड्या हवेत व उजेडात ती थोड्याच वेळात सुकून मरते. ही तिची दुर्बलता आणि तिच्या सर्व वर्तनाची गुरुकिल्लीही हीच आहे. उघड्यावरून तिला जाता येत नसल्यामुळे जमिनीतून लाकडापर्यंत जाताना ती माती, लाळ व विष्ठा यांचे मिश्रण करून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या बंदिस्त नळ्या बांधते आणि त्या नळ्यांतील दमट अंधारात ये-जा करते. भिंतीवर दिसणारी मातीची रेघ म्हणजे ही नळी.

घराच्या दृष्टीने वाळवीचे दोन प्रकार वेगळे ओळखणे आवश्यक आहे, कारण दोघांचे उपाय निराळे आहेत. पहिला प्रकार जमिनीत घर करणाऱ्या वाळवीचा. ओडोंटोटर्मिस, कॉप्टोटर्मिस, हेटेरोटर्मिस या भारतात इमारतींना उपद्रव देणाऱ्या प्रजाती त्यात मोडतात, आणि त्यांचा जमिनीशी किंवा निदान कायम ओल असलेल्या एखाद्या जागेशी संबंध असतो. दुसरा प्रकार कोरड्या लाकडातील वाळवीचा. क्रिप्टोटर्मिस प्रजातीची ही वाळवी किनारपट्टीच्या दमट हवेत आढळते, तिला मातीची गरज नसते, ती मातीच्या नळ्याही बांधत नाही, आणि एखाद्या जुन्या खुर्चीच्या पायात छोटी वसाहत करून वर्षानुवर्षे राहते. हा प्रकार पुष्कळदा बाहेरून आणलेल्या जुन्या फर्निचरमधून घरात शिरतो. ठाणे-डोंबिवलीतील बहुतांश नुकसान मात्र पहिल्या प्रकारामुळे होते आणि या प्रकरणाचा मुख्य भरही त्यावरच आहे.

जुन्या वाड्यांची व्यवस्था

कल्याण परिसराचा लाकडाशी संबंध फार जुना आहे. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस याने कल्याणहून निर्यात होणाऱ्या मालात लाकडाच्या ओंडक्यांचा उल्लेख केला आहे, आणि 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी ताब्यात घेतल्यानंतर येथील खाडीत मराठी आरमाराच्या बांधणीला आरंभ झाला, त्यामागे जवळच्या जंगलांतील सागवानाची उपलब्धता हे एक मोठे कारण होते. कल्याण व ठाण्याच्या जुन्या गावठाणांतील वाडे याच सागावर उभे राहिले. पावसाची आणि वाळवीची ही भूमी असूनही त्यांतील काही लाकूडकाम शंभर वर्षांहून अधिक काळ टिकले, त्याची कारणे तपासण्यासारखी आहेत.

पहिले कारण लाकडाच्या जातीचे. सागाच्या गाभ्याच्या गडद लाकडात टेक्टोक्विनोन नावाचे नैसर्गिक संयुग असते आणि ते वाळवीला मानवत नाही. तथापि हे संरक्षण केवळ गाभ्याच्या लाकडाला असते. सालीलगतच्या फिक्या, कोवळ्या लाकडाला ते नसते, आणि आज बाजारात 'सागवान' म्हणून मिळणाऱ्या कमी वयाच्या झाडांच्या लाकडात हा फिका भाग पुष्कळ असतो. म्हणून 'साग आहे, वाळवी लागणार नाही' हा विश्वास आजोबांच्या वाड्याबाबत बराचसा खरा होता, नव्या सदनिकेच्या चौकटीबाबत तो तसाच्या तसा धरता येत नाही.

दुसरे कारण अधिक मोलाचे आहे, कारण ते रचनेत आहे. वाड्याचा लाकडी खांब कधीही थेट जमिनीत पुरला जात नसे. तो घडीव दगडाच्या तळखड्यावर उभा केला जाई, आणि तळखडा दगडी जोत्यावर बसवलेला असे. त्यामुळे माती आणि लाकूड यांच्यात दगडाचे अंतर राहत असे आणि वाळवीला वर चढायचेच झाले तर दगडाच्या उघड्या पृष्ठभागावर नळी बांधावी लागे, जी लगेच नजरेस पडे. सारवलेल्या जमिनीवर आणि चुन्याच्या भिंतीवर मातीची नवी रेघ लपत नाही, आणि ज्या घरात रोज केर काढला जातो, दर काही दिवसांनी सारवण होते, तिथे ती मूळ धरण्यापूर्वीच पुसली जाते. कोकणात वासे व दारांना काजूच्या टरफलांचे तेल चोपडण्याची रीत होती, तिचाही काही उपयोग होत असे. परंतु खरे संरक्षण रोजच्या देखरेखीचे आणि उघड्या रचनेचे होते. आजच्या घरात हे नेमके उलटे झाले आहे. भिंतीला खेटून छतापर्यंत गेलेली कपाटे, ओट्याखालचे बंद खण, खोट्या छताच्या मागची पोकळी, लाकडी फळ्यांनी मढवलेल्या भिंती, यांमुळे वाळवीला ज्या अंधाराची गरज असते तो आपण होऊन तयार करून दिला जातो आणि तिच्या खुणा वर्षानुवर्षे कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीत. सौंदर्यासाठी भिंत पूर्णपणे झाकणारी अंतर्गत सजावट तळमजल्यावर करू नये, असे स्पष्ट म्हणावे लागते.

लाकडावर रासायनिक प्रक्रिया करून ते टिकवण्याच्या आधुनिक तंत्रातही भारताचा वाटा मोठा आहे. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे आणि 1854 मध्ये कल्याणपर्यंत लोहमार्ग आला तेव्हापासून रुळांखालील लाकडी स्लीपर कूज आणि वाळवी यांपासून वाचवणे हा भारतातील रेल्वेपुढचा कायमचा प्रश्न होता. त्यावर डांबरापासून मिळणाऱ्या क्रिओसोट तेलाचा वापर होत असे. पुढे डेहराडून येथील वनसंशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ सोंती कामेशम यांनी 1933 मध्ये तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या संयुगांचे असे मिश्रण शोधले की जे लाकडात मुरल्यावर पावसाने धुपून जात नाही. हे मिश्रण नंतर जगभर अनेक दशके वापरले गेले. आर्सेनिकच्या विषारीपणामुळे घरगुती वापरातून ते आता बऱ्याच देशांत मागे पडले असले तरी दाबाखाली लाकडात औषध मुरवण्याचे तत्त्व कायम आहे. फर्निचरसाठी प्लायवूड घेताना या तत्त्वाचा उपयोग होतो. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 710 या मानकात मोडणाऱ्या सागरी प्लायवूडवर संरक्षक प्रक्रिया करणे बंधनकारक आहे. साध्या पार्टिकल बोर्डाला असा आधार नसतो आणि एकदा ओल लागली की तो वाळवीचे सर्वांत सोपे भक्ष्य बनतो. केवळ 'वॉटरप्रूफ' असा शिक्का असणे म्हणजे वाळवीपासून संरक्षण असणे नव्हे, हे खरेदी करताना लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

खुणा कशा शोधाव्यात

वाळवी लाकूड आतून खाते आणि वरचा पातळ पापुद्रा किंवा रंगाचा थर तसाच ठेवते, त्यामुळे चौकट बाहेरून धडधाकट दिसत असताना आत केवळ माती भरलेली पोकळी उरलेली असू शकते. म्हणून तपासणी डोळ्यांइतकीच कानांनी आणि हातांनी करावी लागते. पेचकसाच्या मुठीने चौकट खालपासून वर ठोकत गेल्यास शाबूत लाकूड भरीव वाजते आणि पोखरलेले लाकूड पोकळ वाजते. शंकेच्या जागी पेचकसाचे टोक हलकेच दाबल्यास ते आत शिरते. फरशीपासून वीत-दीड वीत उंचीपर्यंतचा चौकटीचा भाग सर्वांत आधी खराब होत असल्यामुळे तपासणी तिथून सुरू करावी. भिंतीवरचा रंग फुगून आलेला असेल तर तो ओलीमुळेही फुगतो, पण बोटाने दाबल्यावर आतून माती निघाली तर ती वाळवी समजावी.

मातीची नळी दिसल्यास ती झाडूने पुसून टाकण्याची घाई करू नये. नळीचा मधला थोडासा भाग मोडून दोन-चार दिवस वाट पाहावी. तुटलेला भाग ओल्या मातीने पुन्हा जोडला गेला तर वसाहत जिवंत असून तो मार्ग वापरात आहे. नळी दुरुस्त झाली नाही तर तो मार्ग सोडून दिलेला असू शकतो, पण वसाहत नष्ट झाली असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. शिवाय नळी जिथे दिसली तिथून ती दोन्ही दिशांना कुठे जाते याचा माग काढणे हेच खरे निदान असते, कारण औषध कुठे घालायचे हे त्यावरून ठरते.

पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी दिव्यांभोवती पंखवाल्या किड्यांचे थवे येतात आणि घरोघरी दिवे मालवले जातात. या थव्यांत वाळवीचे पंखधारी नर-मादी मोठ्या संख्येने असतात. नवी वसाहत स्थापन करण्यासाठी ते जुन्या वसाहतीतून बाहेर पडतात, थोडे उडतात, पंख गाळून टाकतात आणि जोडीने जमिनीत शिरतात. त्यांतील बहुतेक पाली, पक्षी व बेडूक यांच्या तोंडी जातात. बाहेरून दिव्याकडे आलेले किडे हे घरात वाळवी असल्याचे लक्षण मानू नये. परंतु खिडक्या बंद असताना घरातल्याच चौकटीतून किंवा फरशीच्या सांध्यातून ते बाहेर पडताना दिसले, अथवा बंद खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर गळलेल्या पंखांचा खच आढळला, तर वसाहत इमारतीतच आहे हे जवळजवळ निश्चित समजावे. पंखवाल्या मुंग्याही याच दिवसांत उडत असल्याने दोहोंतील फरक ठाऊक असावा. मुंगीची कंबर बारीक असते, तिच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ व मण्यांच्या माळेसारख्या, आणि चारही पंख सारख्या लांबीचे असतात.

लाकडाखाली पडलेली भुकटी हीसुद्धा पुष्कळांना वाळवीची खूण वाटते आणि त्यातून चुकीचा उपचार होतो. पिठासारखी अगदी बारीक भुकटी आणि लाकडावर टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रे असतील तर ते लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचे काम असते. मोहरीहून लहान, खसखशीसारखे पण सहा कडा असलेले कोरडे कण साचत असतील तर ती कोरड्या लाकडातील वाळवीची विष्ठा असते. दोन्ही बाबतींत जमिनीत औषध घालून काहीच उपयोग नाही. त्या त्या लाकडावरच उपचार करावा लागतो किंवा ते घराबाहेर काढावे लागते.

वरच्या मजल्यावर वाळवी येणार नाही ही समजूत चुकीची आहे. काँक्रीट ती खात नसली तरी एक मिलिमीटरहूनही कमी रुंदीच्या फटीतून तिला जाता येते, आणि नळांच्या व सांडपाण्याच्या उभ्या डक्टमधून, वीजतारांच्या नळ्यांतून, दोन इमारतींमधल्या सांध्यातून ती मजल्यामागून मजले चढते. न्हाणीघराची गळती किंवा गच्चीची ओल सतत मिळत राहिली तर जमिनीतील वाळवीच्या काही जाती वरच्या मजल्यावरच टिकून राहू शकतात. म्हणून सदनिकेतील तपासणीत न्हाणीघराच्या मागची भिंत, ओट्याखालील जागा, डक्टला लागून असलेले कपाट आणि माळा या जागा चुकवू नयेत. गणपतीचे मखर, रिकामे खोके, जुनी वर्तमानपत्रे आणि मुलांची मागच्या इयत्तांची पुस्तके माळ्यावर भिंतीला टेकवून वर्षभर ठेवण्याची पद्धत या दोन्ही शहरांत सर्रास आहे. घरात याहून सुरक्षित आणि याहून कमी पाहिली जाणारी जागा वाळवीला सापडणार नाही. घराचा करारनामा आणि संस्थेचे भागपत्र लाकडी कपाटाच्या तळच्या खणात ठेवण्याऐवजी लोखंडी कपाटात ठेवणे शहाणपणाचे.

ग्रंथालयांना हा धोका अधिक आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून कार्यरत आहे, आणि अशा संस्थांकडील जुन्या छापील पुस्तकांच्या काही प्रतींना दुसरा पर्याय नसतो. पोथ्या-पुस्तकांत वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला ठेवण्याच्या परंपरेने किरकोळ किडे दूर राहत असतील, पण जमिनीतून येणाऱ्या वाळवीला तो अडसर पुरत नाही. लोखंडी मांडणी भिंतीपासून निदान सहा इंच दूर ठेवणे, सर्वांत खालचा कप्पा फरशीपासून उंच असणे आणि पुस्तके वर्षातून काही वेळा हाताळली जाणे, हे उपाय घरगुती संग्रहालाही तितकेच लागू आहेत.

बंदोबस्त

इमारतींच्या वाळवी-प्रतिबंधासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस 6313 हे मानक असून त्याचे तीन भाग आहेत. पहिला भाग बांधकामाच्या रचनेतून करावयाच्या उपायांचा, दुसरा बांधकामापूर्वी व बांधकाम चालू असताना जमिनीवर करावयाच्या रासायनिक उपचाराचा, आणि तिसरा उभ्या असलेल्या इमारतींवरील उपचाराचा. दुसऱ्या व तिसऱ्या भागांमागील कल्पना एकच आहे: इमारत आणि जमीन यांच्यामध्ये कुठेही खंड नसलेला औषधयुक्त मातीचा थर असावा. बांधकामाच्या वेळी पायाच्या खड्ड्यांत, पायालगतच्या भरावात आणि जोत्याच्या भरणीच्या पृष्ठभागावर ठरावीक प्रमाणात औषधी द्रावण द्यायचे असते. जोत्याच्या भरणीसाठी हे प्रमाण दर चौरस मीटरला पाच लिटर आहे. त्याआधी जमिनीतील झाडांचे बुंधे, मुळे आणि सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे काढून टाकणे अपेक्षित असते. हे काम स्वस्त असून आयुष्यात एकदाच करता येते, आणि इमारत पूर्ण झाल्यावर ते झाले की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. नव्या इमारतीत घर घेणाऱ्याने विकासकाकडे या उपचाराचे प्रमाणपत्र, वापरलेल्या औषधाचे नाव आणि तारीख मागून घ्यावी ती यासाठीच.

उभ्या इमारतीत काम अवघड होते. तळमजल्याच्या फरशीला भिंतीच्या कडेने साधारण एक-एक फुटावर 12 मिलिमीटर व्यासाची छिद्रे पाडून प्रत्येकात अधिकात अधिक एक लिटर द्रावण दाबाने सोडले जाते आणि नंतर छिद्रे सिमेंटने बुजवली जातात. इमारतीच्या बाहेरच्या बाजूनेही पायालगतच्या मातीत असाच उपचार करतात. लाकडी चौकटीत तिरपी छिद्रे पाडून तेलात मिसळलेले औषध भरतात. हे सर्व कोरड्या दिवसांत व्हावे लागते, कारण पाण्याने तुडुंब भिजलेली माती औषध शोषू शकत नाही आणि ते वाहून विहिरीत किंवा नाल्यात जाण्याची भीती असते. डोंबिवलीच्या जुन्या भागात ज्या इमारतींच्या आवारात अजून विहिरी व कूपनलिका आहेत तिथे ही दक्षता दुप्पट घ्यावी. पाण्याच्या स्रोताजवळची माती उपचारातून वगळणेच योग्य.

औषधांचा इतिहास सावधगिरी शिकवणारा आहे. एकेकाळी यासाठी आल्ड्रिन, हेप्टाक्लोर, क्लोरडेन ही औषधे वापरली जात. ती मातीत दशकानुदशके टिकत हाच त्यांचा गुण मानला जाई आणि तोच पुढे दोष ठरला, कारण ती अन्नसाखळीतून माणसाच्या शरीरात साठतात. भारतात आल्ड्रिनवर 1996 मध्ये बंदी आली, आणि 2001 च्या स्टॉकहोम करारात टिकाऊ विषारी रसायनांच्या पहिल्या यादीतच या तिन्हींचा समावेश झाला. त्यांच्या जागी आलेल्या क्लोरपायरिफॉसचाही त्या करारात 2025 मध्ये, काही सवलतींसह, समावेश झाला आहे. सध्या इमारतींसाठी बायफेन्थ्रिन आणि इमिडाक्लोप्रिड ही औषधे प्रचलित आहेत. बायफेन्थ्रिनचा वाळवीला लगेच सुगावा लागतो आणि ती तिथून मागे फिरते, म्हणून थरात एखादी फट राहिली तर ती शोधून काढते. इमिडाक्लोप्रिडचा तिला सुगावा लागत नाही, ती त्या मातीतून जाते, औषध अंगावर घेऊन इतरांत मिसळते आणि परिणाम हळूहळू पसरतो. भरवण्याच्या सवयीचा असाच उपयोग आमिष पद्धतीत केला जातो, ज्यात कात टाकण्याची क्रिया बिघडवणारे मंद औषध सेल्युलोजमध्ये घालून ठेवतात. कॉप्टोटर्मिससारख्या जातींवर ही पद्धत चांगली चालते, बुरशी जोपासणाऱ्या जातींवर तिचा भरवसा कमी आहे.

या सर्वांच्या तुलनेत घरोघरी केला जाणारा उपाय, म्हणजे कपाटाच्या कोपऱ्यात रॉकेल ओतणे किंवा दुकानातून आणलेला फवारा मारणे, हा निरुपयोगी आहे आणि प्रसंगी घातकही. त्याने दिसणारे किडे मरतात, वसाहत शाबूत राहते आणि वाळवी दोन फुटांवरून नवी वाट काढते. मधल्या काळात प्रश्न सुटल्याचा समज होऊन आणखी एक-दोन वर्षे जातात. अंथरुणाशेजारी आणि धान्याच्या डब्यांजवळ विषारी द्रव फवारला जातो हे तर वेगळेच. कीटकनाशके अधिनियम, 1968 आणि त्याखालील 1971 चे नियम यांनुसार व्यावसायिक कीडनियंत्रणासाठी परवाना लागतो; काम देण्यापूर्वी तो परवाना पाहणे, औषधाची मोहोरबंद बाटली समोर उघडायला लावणे आणि द्रावणाचे प्रमाण लेबलाशी ताडून पाहणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

औषधाइतकाच महत्त्वाचा, आणि पुष्कळदा त्याहून टिकाऊ, उपाय ओल थांबवण्याचा आहे. गळका नळ, तुंबलेले पावसाळी पाइप, भिंतीला लागून मातीने भरलेले फुलझाडांचे वाफे, वातानुकूलन यंत्राचे पायाशी ठिबकणारे पाणी, यांपैकी प्रत्येक गोष्ट वाळवीला आमंत्रण देते. 26 जुलै 2005 च्या महापुरासारख्या प्रसंगी उल्हास नदीकाठच्या घरांत पाणी शिरले तेव्हा भिजलेल्या लाकडाचे खरे नुकसान पूर ओसरल्यानंतरच्या महिन्यांत होत गेले, कारण ओल्या लाकडावर बुरशी धरते आणि बुरशी धरलेले लाकूड वाळवीला अधिक प्रिय असते. पुरात भिजलेले फर्निचर भिंतीपासून दूर काढून पूर्ण वाळवल्याशिवाय परत जागेवर लावू नये.

आता प्रश्न उरतो तो जबाबदारीचा. वाळवीची एक वसाहत इमारतीखालून कित्येक मीटरपर्यंत पसरते आणि तिला सदनिकांच्या सीमा ठाऊक नसतात. एका सभासदाने आपल्यापुरता उपचार केला तर वाळवी शेजारच्या भिंतीतून चढते, आणि तळमजल्यावरील दुकानदाराने टाळाटाळ केली तर पहिल्या मजल्यावरचा खर्च वाया जातो. पाया, डक्ट, जिने आणि आवार ही सामायिक मालमत्ता असल्यामुळे तेथील बंदोबस्त हे गृहनिर्माण संस्थेचे काम आहे, आणि ते संस्थेनेच एकत्रितपणे करणे तांत्रिकदृष्ट्याही आवश्यक आहे. नव्या इमारतींबाबत स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 चा आधार आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत रचनेतील दोष किंवा कारागिरी, गुणवत्ता व सेवांतील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करावा, अशी त्यात तरतूद आहे. गळती आणि ओल यांची लेखी तक्रार या मुदतीत करून ठेवणे म्हणूनच हिताचे.

जुन्या संस्थांना मात्र स्वतःच्याच निधीवर अवलंबून राहावे लागते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानुसार वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, आणि हा काळ वाळवीच्या दृष्टीने फार सोयीचा आहे, कारण पावसाळ्यातील नुकसान तोवर ताजे दिसत असते आणि उपचाराला योग्य असा कोरडा हंगाम पुढे असतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील प्रत्येक संस्थेच्या सचिवांनी या सभेच्या विषयपत्रिकेत तळमजला, डक्ट व गच्ची यांच्या वाळवी-तपासणीचा विषय दरवर्षी घ्यावा, त्यासाठी वेगळी तरतूद मंजूर करून घ्यावी, आणि प्रत्यक्ष काम डिसेंबर ते मे या महिन्यांत उरकावे.